दोन खणांच्या बिऱ्हाडात यांत्रिक सुतार

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण मुंबईकराच्या हौसेला जागेचे मोल मात्र रोखीने मोजावे लागते. दिंडोशीचेच पाहा ना! एका अंगाला द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला चित्रनगरीची टेकडी, आणि मध्ये म्हाडाच्या इमारती व मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नागरी निवाऱ्याची घरे. अशा बिऱ्हाडात पाहुणा आला तर खुर्ची हलवावी लागते. तेथे सुतारकामाचे यंत्र कोठे बसवायचे? पण वाचकहो, ते बसते आणि चालतेही. त्याचे नाव सीएनसी राउटर. म्हणजे आकड्यांच्या हुकुमावर लाकूड कोरणारे यंत्र.

या कल्पनेचा जन्म झाला अमेरिकेत. हेलिकॉप्टरची पाती अचूक कशी घडवावीत, या जॉन पार्सन्स यांच्या विवंचनेतून ती निघाली आणि 1952 साली एमआयटी या संस्थेत भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे यंत्र जगाला दाखविण्यात आले. त्याचा मेंदूच केवढा अवाढव्य होता! पुढे 2005 साली इटलीत आर्डुइनो ही स्वस्त पट्टी निघाली, 2009 साली नॉर्वेच्या एका तरुणाने तिच्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली फुकट देऊन टाकली, आणि तो मेंदू पत्त्याच्या पानाहून लहान झाला. आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. कलबाग यांनी 1983 साली स्थापिलेल्या त्या संस्थेत, 2002 साली एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. खेड्यातील मुलांना जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

यंत्राची करामत

घरगुती यंत्रांत ‘3018’ हा नमुना नवशिक्याला सोयीचा. त्याचा पाट 300 मिलिमीटर लांब आणि 180 रुंद; म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारा. यंत्रात तीन मोटारी असतात: एक डावी-उजवीकडे, दुसरी पुढे-मागे आणि तिसरी वर-खाली नेणारी. मोटारीचा एक फेरा 200 पावलांत पुरा होतो. प्रत्येक पावलाचे विजेने 16 तुकडे केले की फेऱ्याची 3200 पावले होतात. आटे पाडलेला दांडा एका फेऱ्यात 4 मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका मिलिमीटरला 800 पावले पडली. यंत्राला 100 मिलिमीटर सरकायला सांगा आणि पट्टीने मोजा. 99 भरले, तर 800 ला 100 ने गुणून 99 ने भागा. 808 हा नवा आकडा यंत्राला द्या. एवढे केलेत की यंत्र आपले झाले.

नकाशा काढायला ‘इंकस्केप’ हे फुकटचे साधन पुरते. त्या नकाशाचे दुसऱ्या एका आज्ञावलीतून हुकूम होतात. ‘जी-शून्य’ म्हणजे न कापता झटकन जा. ‘जी-एक’ म्हणजे ठरल्या वेगाने कापत जा. पात्यांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड पालथा घालावा.

पहिले काम

पहिल्या दिवशी पाते लावूच नका! त्याच्या जागी पेन बांधा आणि कागदावर रांगोळी काढून पाहा. चुकले तर कागद जाईल, पाते मोडणार नाही. मग 6 मिलिमीटरचे प्लायवूड घ्या, खाली एक टाकाऊ फळी ठेवा आणि क्लॅम्पने घट्ट आवळा. एका खेपेला अर्धा मिलिमीटरच खोल जावे. म्हणजे आरपार जायला 12 खेपा लागतील. पणतीच्या तबकाचा घेर 400 मिलिमीटर आणि वेग मिनिटाला 400 मिलिमीटर धरला, तर एक खेप एका मिनिटाची. बारा मिनिटांत तबक तयार! उतावळेपणाने खोल घुसलात तर पाते मोडलेच म्हणून समजा. आणि लोखंड कापायची हौस या लहान यंत्रावर करू नये.

शेजारधर्म आणि फुप्फुसे

खरी कसोटी पुढेच आहे. राहत्या वस्तीत आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45. तेव्हा यंत्राला जाड फळ्यांची पेटी करा, खाली रबराची चटई घाला, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची वामकुक्षी सांभाळा. भुशाची बाब याहून गंभीर. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निःसंशय ठरविले आहे. एमडीएफच्या भुशात तर फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकाचीही भर. एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि तान्हे मूल असेल, तर भुसा ओढणारे यंत्र आणि चांगला मुखपट्टा यांच्याशिवाय बटण दाबू नये. डोळ्यांना चष्मा हवा, सैल बाही नको, आणि यंत्र चालू ठेवून दूध आणायला जाणे तर मुळीच नको. क्लॅम्प सुटला किंवा पाते घासून लाकूड पेटले, तर ते पाहायला कोणी हवे. यंत्र तोडणारे लाल बटण हाताशी असावे.

पावसाळ्यात लाकूड फुगते, दांडे गंजतात. म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब आठवड्याला द्यावेत.

सुताराच्या पोटावर हे यंत्र पाय देईल, ही धास्ती नको. लाकडाची रेषा कोणत्या अंगाने जाते आणि ते कोठे फाटेल, हे यंत्राला कळत नाही. ते शिकायला जवळच्या सुताराकडे दोन रविवार जाऊन बसा. येत्या दिवाळीला दारातला कंदील त्याच्या सल्ल्याने आणि तुमच्या यंत्राने घडलेला असू दे.