मदत परदेशची, निर्णय गावाचा

श्रीलंकेच्या कुरुनेगला जिल्ह्यात कनतोलुवा नावाचे खेडे आहे. तेथे रोडिया समाजाची वस्ती होती. अस्पृश्य म्हणून इतरांनी दूर लोटलेली. बौद्ध म्हणवणाऱ्या देशातही जातीची कीड होती, हे आपण विसरू नये. १९५८ साली कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील शिक्षक ए. टी. आरियरत्ने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या वस्तीत राहावयास गेले. मुलांनी विहिरी खणल्या, संडास बांधले आणि वस्तीतील लोकांसोबत बसून जेवण केले. यातूनच सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली.

चळवळीची रीत साधी होती. गावाने एकत्र बसायचे, आपली अडचण आपणच सांगायची आणि कामाला हात लावायचा. मग मातांचे, तरुणांचे, शेतकऱ्यांचे गट बांधायचे. पुढे गावाची नोंदलेली संस्था आणि स्वतःची बचत-पेढी उभारायची.

हे काम पाहून परदेशी संस्था पुढे आल्या. हॉलंडच्या 'नोव्हिब' संस्थेने प्रथम विश्वासाने पैसा दिला. गावे शेकड्यांवरून हजारांवर गेली. पण १९८० च्या दशकात देणगीदारांनी आपले मंडळ स्थापन केले आणि सूर बदलला. तज्ज्ञ आले, तपासण्या आल्या, अहवालांचे ढीग साचले. विहिरी मोजता येतात. पण कालपर्यंत मान खाली घालून बसणारा माणूस सभेत उभा राहून बोलू लागला, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? १९९० च्या दशकात निधीला कात्री लागली.

चूक एकाच बाजूची नव्हती. चळवळही परक्या पैशावर फार विसंबली होती. तरीही ती मोडली नाही, कारण गावोगावच्या संस्था लोकांच्या होत्या. २००४ च्या त्सुनामीत हेच कार्यकर्ते आपद्ग्रस्तांच्या मदतीला धावले. आरियरत्ने २०२४ मध्ये निवर्तले. चळवळ चालू आहे.

जगाने यातून धडा घेतला काय? २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी वचन दिले, की २०२० पर्यंत आपत्तीतील मदतीचा २५ टक्के पैसा स्थानिक संस्थांच्या हाती देऊ. ते पाळले गेले नाही. अमेरिकेच्या 'यूएसएड'ने २०२१ मध्ये तसेच २५ टक्क्यांचे वचन दिले. २०२३ मध्ये हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपासच होता. २०२५ मध्ये तर ती यंत्रणाच गुंडाळली गेली. देणारा असा एका दिवसात निघून जातो. गाव मात्र तेथेच राहते.

वाचकहो, मदत नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्या वस्तीत कोणी योजना घेऊन आले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हे काम कोणी ठरवले? हिशेब वस्तीसमोर वाचला जाईल काय? आणि पाहुणे गेल्यावर हे चालवणार कोण? तिन्हींच्या उत्तरात वस्तीचे नाव आले, तरच ती मदत. नाहीतर तो नुसता उपकार, आणि उपकाराखाली वाकलेली मान सरळ व्हायला फार काळ लागतो.