कापसाची गाडी, पाण्याची गाडी

मागच्या वेळी आपण गावच्या एस.टी.बद्दल बोललो. आज आम्ही बोलणार आहोत मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर या रेल्वेमार्गाबद्दल. आपल्यातल्या वयस्क बायकांनी या मार्गावरची छोटी गाडी पाहिलेली आहे. वारीला जाताना काहीजणी त्या गाडीत बसल्याही असतील.

बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ. पण मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी बाजूला राहिली. कापसाचे गठ्ठे बैलगाडीनं कुर्डुवाडीपर्यंत न्यावे लागत. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं तिथं स्वस्तातली छोटी रेल्वे बांधायचं ठरवलं. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे.

स्वस्तात कसं जमलं? मोठ्या रेल्वेचे दोन रूळ साडेपाच फूट अंतरावर असतात, हिचे अडीच फुटांवर. त्यामुळे जमीन कमी लागली आणि वळणं घेणं सोपं झालं. दुसरी युक्ती वजनाची. एकीच्या डोक्यावर तीन हंडे देण्यापेक्षा तिघींनी एकेक घेतला तर कुणाचीच मान मोडत नाही. तसंच इंजिनाचं आणि डब्यांचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून दिलं. कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही. म्हणून हलके रूळ पुरले.

पुढे ही गाडी 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोहोचली. सगळा मार्ग सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास झाला. आषाढी-कार्तिकीला ती वारकऱ्यांनी भरून जाई. 1954 साली सरकारनं ही रेल्वे विकत घेतली.

छोट्या रुळांची एक अडचण होती. मोठ्या रेल्वेचे डबे त्यावर चालत नाहीत. त्यामुळे जिथं रूळ बदलत, तिथं सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. म्हणून पुढे हा मार्ग टप्प्याटप्प्यानं रुंद केला. तेव्हाच तो वळवून धाराशिव शहरालाही जोडला.

आता 2016 सालचा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं आणलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी आली, एका फेरीला सुमारे 25 लाख लिटर. आली ती याच मार्गानं: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. रूळ रुंद झाले नसते तर एवढी मोठी गाडी थेट लातूरपर्यंत आलीच नसती.

25 लाख लिटर ऐकायला खूप वाटतं. पण हिशोब करू या. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 4 लाखांच्या जवळ होती. एका फेरीचं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं, तर माणशी सहा-साडेसहा लिटर येतं. म्हणजे साधारण अर्धी घागर. त्यात प्यायचं, रांधायचं, की लेकराला आंघोळ घालायची? आणि रेल्वे शहराच्या स्टेशनापर्यंत आली. वाडी-वस्तीवरच्या बाईला टँकरचीच वाट पाहावी लागली.

ज्या रुळांवरून आपल्या भागाचा कापूस बाहेर गेला, त्याच वाटेनं आपल्याला प्यायचं पाणी आणावं लागलं. रेल्वेनं त्या वर्षी जीव राखला, हे आम्ही विसरणार नाही. पण दर उन्हाळ्याला तिच्यावर विसंबून चालणार नाही.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करा. आजीबाईंना छोट्या गाडीच्या आठवणी विचारा आणि लिहून ठेवा. आणि आपल्या घराला दिवसाला किती घागरी पाणी लागतं ते प्रत्येकीनं मोजून या. तो आकडा हातात घेऊन ग्रामसभेत बसा. विहीर, बंधारा, पाझर तलाव, कुठलं काम आधी करायचं, हे मग आपणही ठामपणे सांगू शकू.