देवबागचा बंधारा आणि ग्रामसभा

मालवणच्या दक्षिणेस देवबाग आणि उत्तरेस तळाशील. देवबागच्या एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी. तळाशीलच्या एका अंगास तोच समुद्र व दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी. मधली वाळूची पट्टी जागोजागी इतकी चिंचोळी आहे की पुढील दारी समुद्र आणि मागील दारी खाडी अशी तेथील घरांची स्थिती आहे. पावसाळ्यात उधाणाचे पाणी माडांच्या मुळांशी येते, काही माड समुद्रात जातात, आणि मग वर्तमानपत्रांत पडलेल्या माडांची छायाचित्रे व धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी छापून येते. ती आम्हीही छापली आहे. छापल्यानंतर दसऱ्यापर्यंत आम्ही व आमचे वाचक ती विसरून जातो, हेही कबूल केले पाहिजे.

समुद्राची ही खोड जुनीच आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. नदीच्या मुखाशी वाळू सरकतच असते. परंतु जगातील समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली, हेही तितकेच खरे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेने 52 टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षीच्या 16 मे रोजी ‘तौक्ते’ वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून गेले. होड्या फुटल्या, आंबा-काजूच्या बागा झोपल्या आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. आकडेवारीचा अर्थ त्या आठवड्यात किनाऱ्यावरील माणसाला समजावून सांगावा लागला नाही.

आता न्यायाकडे वळू. 28 जुलै 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ, निरोगी व शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचे 161 मतांनी मान्य केले. विरोधात एकही मत पडले नाही. 21 मार्च 2024 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकून, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या 14 व्या व 21 व्या अनुच्छेदांतून निघतो, असा निर्वाळा दिला. निर्णय थोर आहे यात शंका नाही. पण तळाशीलच्या माणसाने हा हक्क कोणत्या कचेरीत, कोणत्या खिडकीवर मागावयाचा?

सामान्यतः उत्तर मिळते ते बंधाऱ्याचे. दगड आले की हक्क मिळाला अशी समजूत शासनाची आहे, आणि खरे बोलावयाचे तर पुष्कळ ग्रामस्थांचीही आहे. तथापि बंधारा ही सरळ गोष्ट नव्हे. दगडांची भिंत जेथे उभी राहते तेथील जमीन बहुधा वाचते, परंतु भिंत जेथे संपते तेथून पुढे लाट अधिक खोल चावते. भिंतीपुढची पुळण हळूहळू झिजते. आणि पुळण गेली की रापण गेली. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात टाकून माणसांच्या दोन रांगांनी ते किनाऱ्यावर ओढावयाचे असते; त्यासाठी मोकळी वाळू लागते. होड्या वर ओढून ठेवण्यासही तीच वाळू लागते. म्हणजे एका वाडीचे घर वाचवताना शेजारच्या वाडीचे घर आणि साऱ्या गावाचा धंदा पणास लागू शकतो. कोठे दगड, कोठे मोकळी वाळू, कोठे झाडोरा, हे ठरविताना अभियंत्याचे गणित हवेच. पण आषाढात वाळू कोणीकडे जाते व कार्तिकात कोठून परतते हे उभ्या जन्मात पाहिलेला तांडेलही त्या टेबलाशी हवा. आज तो टेबलाशी नसतो. तो फार तर उद्‌घाटनाच्या मंडपात असतो.

नकाशांचीही तीच कथा. 18 जानेवारी 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टी भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. समुद्र पुढे सरकत असता माणसालाही पुढे सरकण्याची मुभा मिळावी, हा योगायोग विचित्र खरा! अर्थात किनाऱ्यावर चार खोल्या बांधून पर्यटकांना जेवूखाऊ घालणाऱ्या कुटुंबास ही मुभा हवी आहे, आणि त्याच्या पोटाचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण मग त्याच पुळणीवर जाळे ओढणाऱ्याचे काय? हा तंटा गावातच, गावासमोर मिटला पाहिजे. अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखड्याची जनसुनावणी होते ती जिल्हा पातळीवर. तळाशीलचा मच्छीमार एक दिवसाची मासेमारी बुडवून ओरोसला जाणार, आणि रंगीत नकाशावर आपली वाडी शोधणार!

लोकांना वगळून केलेल्या चांगल्या कामाची गत काय होते हे मालवणने पूर्वीच दाखवून दिले आहे. 1987 साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा 29.12 चौरस किलोमीटर परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हेतू उत्तम होता. परंतु त्याच पाण्यावर जगणारे मच्छीमार विरोधात उभे राहिले, आणि विश्वास जो तेव्हा गेला तो सहजी परत आला नाही.

मग ग्रामसभा आहे ना, असे कोणी विचारील. आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून तिला घटनात्मक स्थान मिळाले आहे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी तिची गणपूर्ती होते. आणि तिच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी असे आपल्या राज्याचा कायदा सांगतो. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणाऱ्या बाईचे वादळात बुडालेले दिवस कोणी मांडावयाचे असतील तर ते या सभेत. परंतु गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्याने मूठभर माणसांत ठराव होतात. हा दोष शासनाचा नव्हे. बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांना लोकसभेत पाठविणाऱ्या प्रदेशास तो शोभत नाही. शासनाचा दोष वेगळा: मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकीवाचून प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

आमची मागणी मोठी नाही. बंधाऱ्याचा प्रत्येक आराखडा व किनाऱ्याचा प्रत्येक नकाशा मराठीत, गावच्या सर्व्हे नंबरांसह, निविदा निघण्यापूर्वी ग्रामसभेपुढे यावा. अभियंत्याने तेथे जातीने उभे राहावे. आणि ग्रामसभेचा ठराव नाकारावयाचा तर कारण लेखी द्यावे.

प्रथेप्रमाणे एक ग्रामसभा महाराष्ट्र दिनी भरते. त्या सुमारास दादर-परळचा चाकरमानी मे महिन्याच्या सुटीत आंबे खावयास गावी गेलेला असतो. त्याचे नाव मुंबईच्या मतदारयादीत असेल तर ग्रामसभेत त्याला हात वर करता येणार नाही. पण नकाशा वाचता येतो, इंग्रजी अधिसूचना मालवणीत सांगता येते आणि चार ओळींचा ठराव नीट लिहून देता येतो. यंदा त्याने दुपारची वामकुक्षी टाकून देवळासमोरच्या त्या सभेत जाऊन बसावे.