हंडी वर, हनुवटी खाली

लालबाग, दादर, गिरगावची दहीहंडी आता आपल्या तालुक्याच्या चौकातही आली. बक्षिसे आली, डीजे आला. नियम तेवढा मागे राहिला. 14 वर्षांखालचे पोर थरावर चढू देणार नाही, असे सरकारने 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितले आहे.

सगळ्यात वर चढवतात हलके पोर. पडताना हात टेकले नाहीत की हनुवटी आपटते. जखम दिसते, टाके पडतात. पण मार कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो. तिथले हाड मोडले नि लक्ष गेले नाही, तर सांधा आखडतो, तोंड उघडत नाही, वाढत्या वयात चेहरा वाकडा होतो. म्हणून टाक्यांवर न थांबता एक्स-रे काढावा.

पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता उचलून दुधात टाकावा, तासाभरात दंतवैद्य गाठावा. दूध तर घरचेच! दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

परळकरांना के.ई.एम. आणि मुलांचे वाडिया रुग्णालय जवळ. आपला तास एस.टी.ची वाट बघण्यातच जायचा. तेव्हा मंडळाची पोरे वर्गणीला आली, की सरपंच, पोलीस पाटलांनी आधी वरच्या पोराचा शाळेचा दाखला मागावा.