ओटा कुणाच्या उंचीचा?

नागपुरात हल्ली कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलं की यजमान पाहुण्यांना आधी देवघरात नेत नाहीत, स्वयंपाकघरात नेतात. ‘या, आमचं किचन बघा!’ मग एकेक खण ओढून दाखवला जातो. ढकलला की तो आवाज न करता, लाजल्यासारखा हळूच मिटतो. कोपऱ्यातलं कपाट उघडलं की आतल्या जाळ्या फिरून बाहेर येतात. तिथून मिरवणूक निघते ती थेट बेडरूममधल्या बाथरूमकडे. तिथे भिंतीला अधांतरी टांगलेला कमोड, काचेचा आडोसा, छतातून पाऊस पाडणारा शॉवर आणि काळ्या रंगाचे नळ. पाहुणे ‘वा, वा’ म्हणतात आणि जेवायला बसतात. जेवण बहुधा केटररकडचं असतं, कारण नव्या पांढऱ्याशुभ्र ओट्यावर पहिल्याच दिवशी हळद सांडायला नको!

एके काळी घराच्या याच दोन जागा पाहुण्यांच्या नजरेआड असत. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत चूल आतल्या अंधाऱ्या सोप्यात, न्हाणी विहिरीजवळ आणि संडास परसाच्या पार टोकाला. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ साली स्थापन झाला. पुढे शहरात लेआउट पडले, टुमदार घरं उभी राहिली, तरी स्वयंपाकघराला मागचं दार असे आणि त्या दाराबाहेर भांडी घासायची मोरी असे. फ्लॅट आले तसं मागचं दार गेलं, परस गेलं आणि न्हाणी, संडास, स्वयंपाकघर हे सगळं घराच्या पोटात आलं.

हे वाईट झालं असं मुळीच नाही. धुरात डोळे चोळत, चुलीपुढे उकिडवं बसून ज्या बायकांनी जन्म काढला, त्यांच्या हातच्या भाकरीच्या आठवणी काढणं सोपं आहे. त्यांच्या जागी बसणं सोपं नव्हतं. ‘इंडेन’चं पहिलं घरगुती गॅस कनेक्शन १९६५ साली कोलकात्यात दिलं गेलं आणि पुढे गॅस गावोगावी पोचला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून घरोघर ओटा आला आणि ओट्यासमोर बाई उभी राहिली. आधी काळ्या कडप्प्याचा ओटा, मग ग्रॅनाइटचा, आता क्वार्ट्झचा. दगड बदलत गेला, रंग बदलत गेला. पण त्या ओट्यासमोर रोज तीन-चार तास उभं कोण राहणार, त्या माणसाची उंची किती, वय किती, हे विचारायची पद्धत मात्र आपल्याकडे अजून पडलेली नाही.

ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचं मूळ शोधत गेलं तर जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला जावं लागतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची टंचाई होती. नगरपालिका स्वस्त घरांच्या वसाहती बांधत होती. त्या घरांसाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईंनी १९२६ साली एक स्वयंपाकघर आखलं, १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत इतक्या लोकांचा स्वयंपाक कसा होतो, याचा त्यांनी अभ्यास केला. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात, हे मोजलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. त्यात धान्या-पिठाचे नावं घातलेले खण होते, ते आपण घेतले. पण त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. कामाचं टेबल खिडकीसमोर होतं आणि बसून काम करायला एक फिरतं स्टूल होतं. खण आपल्याकडे आले. खिडकी आणि स्टूल तिकडेच राहिलं! त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली, ती अशी, की त्यात एका वेळी एकच बाई मावते. तो दोष मात्र आपण न चुकता उचलला.

आता उंचीचं बघा. युरोपात ओट्याची उंची साधारण ९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट धरतात. आपल्याकडची बाई सरासरी पाच फूट उंचीची. तयार कपाटांच्या मापाने ओटा बांधला, त्यावर चार-पाच इंच उंच शेगडी ठेवली आणि शेगडीवर पाच लिटरचा कुकर चढवला, की शिटी थेट नाकासमोर येते. डाळ घोटायची तर टाचा उचलाव्या लागतात. संध्याकाळी खांदे भरून येतात, आणि त्याचा दोष वयाला दिला जातो. खरं तर हिशेब सोपा आहे. ताठ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. पाच फुटी बाईसाठी हे उत्तर बत्तीस-तेहतीस इंचांच्या आसपास येतं. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला त्याहून थोडं खालीच बरं, कारण तिथे अंगाचा भार द्यावा लागतो. घरात सहा फुटी मुलगाही हौसेने स्वयंपाक करत असेल, आणि हल्ली बरेच करतात, तर ओट्याचे दोन टप्पे दोन उंचींचे करता येतात. सुताराला आणि गवंड्याला ते अवघड नाही. त्यांना सांगावं तेवढं लागतं.

दुसरी टूम उघड्या स्वयंपाकघराची. मधली भिंत पाडली की घर मोठं दिसतं आणि स्वयंपाक करणारी बाई गप्पांमधून तुटत नाही. ही गोष्ट चांगलीच आहे. पण ज्या घरात सावजी रश्श्याचा मसाला भाजला जातो, त्या घरात सोफ्याच्या उशांनाही तो वास दोन दिवस येणार, हे नकाशा पास करतानाच लक्षात घ्यावं. नाही तर आठ दिवसांत तोंडी हुकूम निघतो, ‘फोडणी जरा कमी द्या.’ क्वार्ट्झच्या ओट्यात दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन असतं. तापलेला गंज गॅसवरून उचलून तसाच त्यावर टेकवला तर डाग पडू शकतो आणि पांढऱ्या पृष्ठभागावर हळदीचा पिवळेपणा रेंगाळतो. जुना काळा ग्रॅनाइट दिसायला गरीब असेल, पण तो वऱ्हाडी स्वयंपाक मुकाट सोसतो.

आणि खिडकी? राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत स्वयंपाकघराला किमान एक चौरस मीटरची खिडकी सांगितली आहे, म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाय सव्वातीन फूट. तीही मोकळ्या जागेत उघडणारी. डक्टमध्ये उघडणारी चालत नाही. नकाशात ती असते. पण सजावटीच्या भरात तिच्यावर वरची कपाटं येतात, समोर फ्रिज येतो, उरलेल्या जागेतून चिमणीचा पाइप जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ज्योत फडफडते म्हणून पंखा लावता येत नाही. कूलर तर आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट असेल तरच काम करतो. हॉलमध्ये एसी आणि स्वयंपाकघरात भट्टी, अशी एकाच घराची दोन हवामानं होतात.

बाथरूमकडे वळलं की प्रश्न आणखी गंभीर होतो. तिथे चुकीची किंमत डागाने नव्हे, हाडाने मोजावी लागते. गुळगुळीत, आरशासारख्या टाइल्स दुकानात कोरड्या असतात, घरात त्यांच्यावर साबणाचं पाणी असतं. टाइल्सच्या माहितीपत्रकात आर-९, आर-१०, आर-११ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. जमिनीला निदान आर-१० मागावी, आणि आकड्यांवर विश्वास नसेल तर दुकानातच टाइलवर पाणी ओतून अनवाणी पायाने घासून बघावं. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत कुणी चक्कर येऊन पडलं, तर आत उघडणारं दार त्याच माणसाच्या अंगाला अडतं आणि बाहेरचे नुसते हाका मारत राहतात. कडीही बाहेरून उघडता येईल अशी मिळते. अडीच फुटी दाराच्या चौकटीतून व्हीलचेअर जेमतेम जाते किंवा जातच नाही. तीन फुटी दाराला खर्च फारसा वाढत नाही. अधांतरी कमोडचा एक मोठा फायदा आहे, जो दुकानात कुणी सांगत नाही. तो किती उंचीवर बसवायचा हे आपल्या हातात असतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बैठक सतरा-अठरा इंचांवर घेता येते. पण हे भिंतीत सांगाडा बसवण्याआधीच ठरवावं लागतं, नंतर पूर्ण भिंत फोडावी लागते. आधाराचा दांडा आज नको असेल, ‘हॉस्पिटलसारखं दिसतं’ म्हणून, तर निदान टाइल्स लावण्याआधी त्या जागची भिंत भक्कम करून ठेवावी. दांडा दहा वर्षांनी लावता येईल.

एका बाबतीत मात्र हयगय नको. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आतल्या माणसाला गुंगी येते आणि कडी काढण्याइतकंही त्राण उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात कडाक्याची थंडी पडते, झरोके बंद केले जातात आणि धोका नेमका तेव्हाच वाढतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. संहितेने बाथरूमलाही किमान ०.३७ चौरस मीटरची बाहेर उघडणारी जागा सांगितली आहे, ती उगाच नव्हे.

पाण्याचं काय? बादलीभर पाण्यात, म्हणजे पंधरा-वीस लिटरमध्ये आंघोळ आटोपते. छतातल्या पावसाखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर शंभर लिटर सहज जातात. नागपूरची तहान मुख्यतः पेंचच्या पाण्यावर भागते. तोतलाडोहचा साठा आटला तेव्हा, २०१९ च्या जुलैमध्ये, शहरात एक दिवसाआड पाणी आलं होतं. शहराच्या कडेला जिथे बोअरचं जड पाणी आहे, तिथे काळ्या नळांवर आणि काचेवर क्षाराचे पांढरे डाग महिन्याभरात दिसू लागतात, आणि ते घासायचं काम शॉवरची निवड करणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतं.

बँकेत गृहकर्जाच्या फायली हाताळताना एक हिशेब मला नेहमी खटकायचा. समजा, चार लाखांचं किचन घराच्या कर्जातच बसवलं. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर त्या किचनचा हप्ता महिन्याला सुमारे ३,४७० रुपये होतो आणि एकूण फेड सव्वाआठ लाखांच्या पुढे जाते. कपाटांच्या बिजागऱ्या आणि रुळ दहा-बारा वर्षांत कुरकुरू लागतात. म्हणजे हप्ता उरतो आणि किचन जुनं होतं! त्यापेक्षा ओटा, नळजोडणी, वायरिंग, टाइल्स आणि खिडकी यांवर पहिला पैसा घालावा. कपाटांची दारं पुढच्या दिवाळीला बदलता येतात.

आणि हे सगळं श्रीमंतांचे चोचले आहेत असं कुणाला वाटत असेल, तर नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. त्यांची बापू कुटी माती आणि बांबूची. इव्हान इलिच हा युरोपीय विचारवंत १९७८ च्या जानेवारीत तिथे आला, तेव्हा त्या झोपडीत त्याने सात प्रकारच्या जागा मोजल्या. त्यांत एक जागा आजाऱ्यासाठी होती आणि एक होतं प्रशस्त न्हाणीघर. सत्तरीकडे झुकलेला, उपवासांनी थकणारा माणूस तिथे राहणार आहे, हे बांधणाऱ्यांनी ध्यानात ठेवलं होतं. त्या न्हाणीघराला इटालियन टाइल लागली नाही.

आज रविवार आहे. शोरूम उघडे असतील, आणि ‘मर्यादित काळासाठी’ सवलतीच्या जाहिराती याच अंकात कुठेतरी असतील. जरूर जा. पण निघण्याआधी घरातल्या शिवणाच्या डब्यातून मोजपट्टी काढा. घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ ओट्यापाशी उभी असते, तिच्या कोपराची उंची मोजा. जी सर्वांत म्हातारी आहे, तिला कमोडवरून उठताना हात कुठे टेकावासा वाटतो ते विचारा आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात घाला आणि मगच रंग निवडायला बसा.