निराधारचे पंधराशे अडीच हजार झाले, मग काहींच्या पासबुकात अजून पंधराशेच का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं आहे त्यांच्यासाठी, आणि विशेष करून आपल्या कर्णबधिर मित्रमैत्रिणींसाठी, या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, भाषा मात्र बोलण्यातलीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि तीही फक्त दिव्यांगांच्या बाजूने. गावाकडे या योजनेचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. "निराधारचा पगार" म्हणतात. "पगार आला का?" हा प्रश्न तहसीलच्या आवारात दर सोमवारी ऐकू येतो. या पगारात गेल्या दोन वर्षांत दोन मोठे बदल झाले. एक, रक्कम वाढली. दोन, पैसे येण्याचा रस्ताच बदलला. पहिला बदल सगळ्यांना माहीत आहे. दुसरा फारसा कुणी समजावून सांगितला नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ प्रश्नांचं मूळ त्या दुसऱ्या बदलात असतं.

आधी रकमेचं बघू

ही योजना १९८० सालची. रक्कम कित्येक वर्षं महिना ६०० रुपये होती. २०१९ मध्ये ती १००० झाली, २०२३ च्या जुलैत १५०० झाली. तेव्हा विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण, दिव्यांग अशा सगळ्यांना एकच आकडा होता. मग ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की या योजनेतल्या आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना महिना १००० रुपये जास्त द्यायचे. म्हणजे १५०० चे २५००, ऑक्टोबर २०२५ पासून.

हे काही आपोआप झालं नाही. दिव्यांग संघटना वर्षानुवर्षं मागणी करत होत्या. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, तेव्हा दिव्यांगांना महिना ६००० रुपये द्या ही त्यातली एक मागणी होती. मिळाले अडीच हजार.

पण यात कायद्याचा एक धागा आहे, तो लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २४. त्यात म्हटलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढी मदत मिळते, त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मिळाली पाहिजे. कारण उघड आहे. त्याच घरात, त्याच गावात राहायला दिव्यांग माणसाला जास्त खर्च येतो. एसटी थांब्यापर्यंत रिक्षा लागते, सोबत माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते. आता हिशोब करा. इतरांना १५०० असतील तर २५ टक्के वाढ धरून दिव्यांगांना किमान १८७५ व्हायला हवे होते. प्रत्यक्षात दोघांनाही १५०० च मिळत होते. म्हणून ही वाढ म्हणजे कुणी खूश होऊन दिलेली ओवाळणी समजू नका. कायद्याने जे आधीच देणं होतं, ते उशिरा का होईना, दिलं गेलं.

"ताई, मी अपंग नाही का?"

मागच्या महिन्यात बीड जिल्ह्यातून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. त्या म्हणाल्या, "शेजारच्या दादांना अडीच हजार आले. मला पंधराशेच. त्यांचा एक पाय अधू आहे, माझे दोन. मग मी अपंग नाही का, ताई?"

मी त्यांना एकच विचारलं, तुमचा अर्ज कोणत्या प्रकारात मंजूर झालाय? त्यांनी मंजुरीचं पत्र शोधलं. त्यावर लिहिलं होतं: विधवा.

इथेच सगळी मेख आहे. निराधार योजना एक असली तरी तिच्या आत लाभार्थ्यांचे प्रकार आहेत. अर्ज करताना ज्या कारणाने तुम्ही पात्र ठरलात, तो तुमचा प्रकार. आधी सगळ्यांना सारखेच पैसे होते, त्यामुळे प्रकार कोणता याने काही फरक पडत नव्हता. जे कागद लवकर मिळायचे त्यावर लोक अर्ज करायचे. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या चार फेऱ्या. साहजिकच विधवा म्हणून अर्ज केला. आता प्रकारावर हजार रुपये अवलंबून आहेत. आणि संगणक तुमच्या पायांकडे बघत नाही, नोंदीकडे बघतो.

तुमचंही असंच असेल तर घाबरू नका, पण वाटही बघू नका. तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत साधा लेखी अर्ज द्या: माझी नोंद दिव्यांग प्रकारात करावी आणि ऑक्टोबर २०२५ पासूनच्या फरकाचा विचार व्हावा. सोबत यूडीआयडी कार्डाची, आधारची आणि पासबुकाची झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं काम दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. पोच असेल तर आठवतं.

यूडीआयडी: कार्डाचा रंग आणि टक्के

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. पांढरा पट्टा असेल तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली. पिवळा असेल तर ४० ते ८० च्या मधे. निळा असेल तर ८० किंवा त्याहून जास्त. निराधारसाठी किमान ४० टक्के लागतात, म्हणजे कार्ड पिवळं किंवा निळं हवं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने या कार्डाचे नियम बदलले. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. प्रमाणपत्र देण्याची मुदत आधी एक महिना होती, ती तीन महिने केली. आणि अर्जावर दोन वर्षं काही निर्णय झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय होतो, पुन्हा नव्याने करावा लागतो. म्हणजे बघा, उशीर यंत्रणेचा झाला तरी अर्ज मरतो तो आपला. म्हणून अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी स्थिती तपासत राहा. तपासणीला बोलावल्याची तारीख चुकली असेल तर रुग्णालयात जाऊन नवी तारीख घ्या.

पैसे येण्याचा नवा रस्ता

आता तो दुसरा बदल. आधी काय व्हायचं? पैसे जिल्ह्याकडून तहसीलला यायचे, तहसील कार्यालय लाभार्थ्यांच्या याद्या बँकेला पाठवायचं आणि बँक त्या यादीप्रमाणे खात्यांत पैसे टाकायची. यादी अडली की तालुक्याचा पगार अडला. दोन-तीन महिने एकदम यायचे.

डिसेंबर २०२४ पासून हे डीबीटीवर गेलं, म्हणजे थेट लाभ हस्तांतरण. मुंबईतून निघालेले पैसे सरळ तुमच्या खात्यात. ऐकायला छान आहे, आणि ज्यांचे कागद जुळलेले आहेत त्यांच्यासाठी खरंच चांगलं आहे. पण यात पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. तुमच्या आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात ते जातात. तुम्ही तहसीलला कोणतं पासबुक दिलंय याला इथे किंमत नाही.

याचं एक उदाहरण सांगते. एका श्रोत्याच्या अंध भावाचा पगार चार महिने "बंद" होता. जिल्हा बँकेच्या शाखेत विचारलं, आले नाहीत. तहसीलमध्ये विचारलं, पाठवले. दोघंही खरं सांगत होते. मधल्या काळात मोबाईलच्या दुकानात नवं सिमकार्ड घेताना त्याचं एक डिजिटल खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. चारही महिन्यांचे पैसे त्या खात्यात शांतपणे पडून होते.

म्हणून पैसे आले नाहीत तर सगळ्यात आधी आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग" ची स्थिती बघा. मोबाईलवर ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम आहे. स्वतः जमत नसेल तर घरातल्या विश्वासाच्या माणसाकडून करून घ्या. ओटीपी अनोळखी माणसाला फोनवर देऊ नका. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, त्या खात्याला एन्ट्री मारून आणा.

काही जणांच्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत. कुष्ठरोगातून बरे झालेले, हातांना इजा झालेले, खूप कष्टाची कामं केलेले. अशांसाठी आधारमध्ये डोळ्यांच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे. "ठसा येत नाही, परत जा" हे उत्तर स्वीकारू नका.

आणि एक बारीक गोष्ट. ज्यांचं दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त आहे आणि घर दारिद्र्यरेषेखाली आहे, त्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतनाचे ३०० रुपये केंद्राकडून मिळतात. केंद्राचा हिस्सा आणि राज्याचा हिस्सा पासबुकात वेगवेगळ्या तारखांना दिसू शकतो. पैसे कापले असं समजून भांडण्याआधी दोन्ही नोंदींची बेरीज करून बघा.

लाडकी बहीण आणि निराधार

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतोच. लाडकी बहीण योजनेचा नियम असा की सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील, तर तिथे पात्र नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने पाच लाख महिला अपात्र ठरवल्याचं जाहीर केलं. त्यात २ लाख ३० हजार या संजय गांधी निराधारच्या लाभार्थी होत्या.

तेव्हा दोन्हीकडे १५०० च होते, त्यामुळे अनेकींना वाटायचं की निराधार सोडून लाडकी बहीण घ्यावी, कटकट कमी. दिव्यांग बहिणींसाठी आता तो हिशोब बदललाय. निराधारमध्ये दिव्यांग म्हणून २५०० आहेत. नाव काढून घेण्याआधी नीट विचार करा.

रक्कम वाढली, दार तेवढंच

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. इतरांसाठी तर २१,००० च. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये आहे. घरातल्या एका माणसाने वर्षात १६० दिवस काम केलं तर ४९,९२० रुपये होतात. एकशे एकसष्टाव्या दिवशी कामावर गेला की कागदोपत्री घर अपात्र. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे, म्हणजे याच्या पाचपट.

याचा परिणाम असा की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हीच खरी शर्यत होऊन बसते. खरं उत्पन्न सांगावं तर दाखला बसत नाही, कमी सांगावं तर मनात भीती. प्रामाणिक माणसाला या कोंडीत उभं करणारी मर्यादा बदलायला हवी. पुढच्या वेळी आमदार गावात आले की रकमेसोबत हाही प्रश्न विचारा.

कुठेच दाद लागली नाही तर

आधी पोच असलेला अर्ज. मग "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार. त्यानेही हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. प्रश्न मोघम नको. असं विचारा: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही, तो सध्या कोणाकडे प्रलंबित आहे त्यांचं पदनाम, आणि पोर्टलवर माझी नोंद कोणत्या प्रकारात आहे, याची माहिती द्यावी." बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी काम होतं. आणि शेवटी पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार करता येते, टपालानेही चालते.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला मात्र विसरू नका. जिवंत माणसाचा पगार तेवढ्यावरून थांबलेला मी पाहिलाय. अंथरुणाला खिळलेलं कुणी घरात असेल तर तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना घरी येण्याची लेखी विनंती करा.

पुढच्या भागात ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीबद्दल बोलू. तो वेगळा पैसा आहे, निराधारचा आणि त्याचा संबंध नाही, दोन्ही घेता येतात. तोवर हा भाग अशा एका माणसापर्यंत पोचवा ज्याच्या पासबुकात अजून पंधराशेच दिसतायत. भेटू या.