विंचवाच्या बिऱ्हाडातली शेगडी

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झाले नव्हते, तेवढ्यात मुलाने जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात गुहागरला जायचं, मात्र हॉटेलात उतरायचं नाही. कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. ती चाकांवरची खोली आता आमच्या दारात उभी राहणार होती. झोपायला बाकं, इवलंसं बेसिन, छोटा फ्रीज आणि ओट्यात बसवलेली इंडक्शन शेगडी. ही शेगडी गाडी मुक्कामाच्या जागी विजेला जोडलेली असेल तेव्हाच चालणार होती. मध्ये रस्त्यात, समुद्रकाठी चहा हवा असेल तर आपली सोय आपण करायची.

"बाबा, स्वयंपाकाला काय न्यायचं ते तुम्ही ठरवा," मुलगा म्हणाला. निवृत्त माणसाकडे घरातलं असं स्वतंत्र खातं क्वचितच येतं, त्यामुळे मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, शेगडी कुठलीही घ्या. फक्त तिच्यापुढे मी बसणार नाही, एवढं आधी लिहून ठेवा."

उभ्या नोकरीत कर्जाच्या अर्जांवर अटी घातल्या. पण मुळावर बोट ठेवणारी अट इतक्या कमी शब्दांत मला कधी लिहिता आली नव्हती. मी ती क्रमांक एकवर लिहून घेतली.

आमच्या पिढीने सहलीला नेलेल्या चुलींचा इतिहास खरं म्हणजे घरातल्या बायकांना विचारायला हवा. माझ्या लहानपणी प्रवासात पितळी पंपाचा स्टोव्ह असे. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, हवा भरायची, पिन मारायची, आणि एकदा का तो भर्रर्र करून लागला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. हा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. फ्रान्स लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ च्या सुमारास तो बाजारात आणला आणि 'प्रायमस' हे नाव जगभर झालं. अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवावरच्या स्वारीत तो होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. कारण सोपं आहे. त्यातलं रॉकेल हाताने भरलेल्या हवेच्या दाबाने वर चढतं आणि तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. बाहेर किती थंडी आहे याची तो फारशी पर्वा करत नाही. पुढे आलेला वातीचा स्टोव्ह मात्र गरीब स्वभावाचा. आवाज नाही, भडका नाही, पण विझवला की रॉकेलचा असा भपकारा यायचा की दशमीलासुद्धा तोच वास. आता रॉकेलच मिळेनासं झालंय, तेव्हा ही दोन्ही नावं मी कागदावर लिहून हळहळत खोडली.

आमच्या आजोबांकडे तिसरंच यंत्र होतं. इकमिक कुकर. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली तो काढला आणि मराठी पेन्शनर व सडेफटिंग मंडळींनी तो आपलासा केला. उंच नळकांडं, आत एकावर एक डबे, भोवती पाणी आणि तळाशी चार निखारे. आजोबा तीर्थयात्रेला निघाले की धर्मशाळेच्या ओट्यावर सकाळी कुकर लावून देवदर्शनाला जात. परत येईपर्यंत वरण, भात, भाजी तयार. आजीही बरोबर देवळात जात असे, हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्या आठवणीतल्या सगळ्या चुलींमध्ये कोणाला जखडून न ठेवणारी तेवढी एकच.

पण निखारे म्हटलं की मला आजोबांच्या आधी महाबळेश्वर आठवतं.

१९८६ चा डिसेंबर. बँकेतले आम्ही पाच मित्र, सगळे पंचविशीतले, एक जुना बंगला भाड्याने घेऊन राहिलो होतो. कोळशाची शेगडी बरोबर होती, कणसं आणि बटाटे भाजायला. रात्री अंगणात गप्पा झाल्या, थंडी वाढली. कोणीतरी म्हणालं, निखारे आहेतच, आत घेऊ. धूर नव्हता, ज्वाळा नव्हती, वर राखेचा पातळ थर. आम्ही शेगडी खोलीच्या मध्यभागी ठेवली, खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत सतरंजीसुद्धा सारली आणि झोपलो.

पहाटे आमच्यातला एक जण लघवीला म्हणून उठला, दार उघडलं आणि उंबऱ्यावरच कोसळला. त्या आवाजाने मला जाग आली. डोकं फुटेल असं दुखत होतं, पाय माझे नव्हतेच. रांगत बाहेर आलो, ओकलो. तिघे कसेबसे बाहेर पडलो. पाचवा हलवून हलवून उठेना. गालांवर छान लाली, जणू गाढ झोपलाय. त्याला पाय धरून ओढत व्हरांड्यात आणलं. दवाखान्यात प्राणवायू दिल्यावर दुपारी त्याने डोळे उघडले. उघड्या दारातून हवा आत आली नसती तर हा लेख लिहायला मी नसतो.

कोंडलेल्या हवेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून ठेवतं. माणूस गुदमरत नाही, खोकत नाही, नुसता झोपत जातो. तंबू, मोटार, कॅराव्हॅन, सगळीकडे हाच हिशेब. गॅसची शेगडीही अपुऱ्या हवेत हेच करते. म्हणून अट क्रमांक दोन मी लाल शाईने लिहिली: ज्यात काही जळतं ते झोपायच्या जागी न्यायचं नाही, ऊब घ्यायला तर मुळीच नाही. मुलाच्या मनात कोळशाचं बार्बेक्यू होतं. त्याला ही हकिगत पहिल्यांदाच सांगितली. त्याने निमूटपणे ते यादीतून काढलं.

आता उरले वीज आणि गॅस. वीज आधी. नातीचं म्हणणं, गाडीला बॅटरी असते, तिच्यावर इंडक्शन लावू. हिशेब मांडला. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. साधी शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे हाती ६००. शेगडी १५०० वॉटची. भागाकार करा, २४ मिनिटं, आणि त्यातही इन्व्हर्टर आपला वाटा खाणार. तेवढ्यात कुकरच्या चार शिट्या होतील आणि रात्री दिवे, पंखा बंद. मुक्कामावर जोडणी असेल तिथे मात्र इंडक्शनसारखं सुख नाही. ज्वाळा नाही, वायू नाही. फक्त तिथल्या प्लगचं बळ विचारावं आणि भांड्यांना लोहचुंबक लावून पाहावं. बुडाला चिकटला तर भांडं घ्यायचं, नाहीतर घरीच ठेवायचं. आमची निम्मी पातेली अॅल्युमिनियमची निघाली.

गॅसमध्ये पाच किलोचा छोटा सिलिंडर २०१३ पासून पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळू लागला. दहा-बारा माणसं, आठवडाभराची मोटारची सहल असेल तर तोच घ्यावा. पण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर पाण्यासारखा जमिनीलगत साचतो. युरोपातल्या कॅराव्हॅनमध्ये तो खाली वाहून जावा म्हणून गॅसच्या कप्प्याच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. आमच्या भाड्याच्या गाडीत तशी काही सोय नव्हती. सिलिंडर बाद.

राहिली ती ब्रीफकेससारख्या पेटीत मावणारी शेगडी. तिला साधारण २३० ग्रॅम ब्यूटेनचा लांबट डबा लागतो. वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला पंधराएक ग्रॅम पुरतो, म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसाला एक डबा आणि वर एक राखीव. लडाखला जाणाऱ्यांनी मात्र तिच्या भरवशावर राहू नये. ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, शिवाय गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच गार पडत जातो. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ रात्रभर नाचेल पण शिजणार नाही. तिथे लहान कुकर शेगडीहून महत्त्वाचा. गुहागरला थंडीची भीती नव्हती.

आणि एक, ही शेगडी फक्त स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांची. रेल्वेत स्टोव्ह, रॉकेल, गॅस, डबे काही म्हणजे काही न्यायचं नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर पहाटे चहा होत होता. आग लागली आणि नऊ माणसं गेली. घरच्या चवीचा चहा हवा, एवढाच त्यांचा हट्ट असणार. तो आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, म्हणून ती बातमी मला वाचवेना.

तर शेगडी, तीन लिटरचा कुकर, आणि तिसरी वस्तू माझ्या यादीत नव्हती. हिने माळ्यावरून आईच्या हातची जुनी गोधडी काढली. "खिचडीला दहा मिनिटं उकळी द्या, झाकण घट्ट लावा आणि यात गुंडाळून ठेवा. तासाभराने उघडा. गॅस वाचेल आणि तुम्हीही सुटाल." मला एकदम आजोबांचा इकमिक दिसला.

गुहागरला पहिल्याच सकाळी मी फजिती करून घेतली. घावन घालायला घरचा मोठा तवा आणला होता. तो शेगडीवर बसला खरा, पण त्याची कड गॅसच्या डब्याच्या कप्प्यावर आली. वाऱ्याला आडोसा म्हणून मी भोवती पत्राही उभा केला. पाच मिनिटांत 'टक्' असा आवाज झाला आणि ज्वाळा गेली. डबा तापून आतला दाब वाढला की तो आपोआप सुटा होण्याची कळ शेगडीत असते, तिने आपलं काम केलं. कळ नसती तर? सूनबाई शांतपणे माहितीपत्रक घेऊन आली. "बाबा, पहिल्याच चित्रात हे करू नका म्हणून दाखवलंय." जन्मभर लोकांना सही करण्याआधी कागद वाचायला सांगणारा मी! मग लहान तवा घेतला, पत्रा काढला आणि शेगडी गाडीच्या आडोशाला, वाऱ्यापासून दूर मांडली. घावन तव्याच्या मापाचे, म्हणजे पुरीएवढे झाले. नातीने अकरा खाल्ले.

तीन दिवस मुलगा आणि मी आळीपाळीने त्या पेटीपुढे उकिडवे बसलो. गुडघे बोलायला लागल्यावर कळलं की ओट्याशिवाय स्वयंपाक म्हणजे काय. आपण सहलीत 'चुलीवरचं' म्हणून मिटक्या मारायचो तेव्हा चुलीपाशी कोण बसलेलं असायचं, हे मी इतकी वर्षं पाहत होतो की नुसता जेवत होतो, कोण जाणे. ही मात्र खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसली. एकदाही मागे वळून 'फोडणी करपली का' म्हणून विचारलं नाही. करपली होती.

शेवटच्या संध्याकाळी गोधडीतली खिचडी उघडली. वाफ आली, मूग मऊ शिजले होते. रात्री वारा सुटला तसं नातीने विचारलं, "आजोबा, शेगडी आत घेऊ या? थोडी ऊब येईल." मी डबा काढून वेगळा ठेवला, पेटी बंद करून बाहेर पायरीखाली सरकवली आणि तिला आणखी एक शाल दिली. खिडकी चार बोटं उघडी ठेवली.

दिवा मालवल्यावर अंधारातून हिचा आवाज आला, "सकाळचा चहा कोण करणार आहे?"

"मी."

"मग आलं विसरू नका. काल विसरलात."